नारा शहरात, चार वाजेपर्यंत

त्या शनिवारी बारामतीच्या दवाखान्यात आईच्या पोटातली गाठ काढणार होते आणि मी जपानमध्ये हरणांना बिस्किटं चारत होतो. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं ती. आमच्या कारखान्यानं मला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. ऑपरेशन आपल्याकडच्या दहाला, म्हणजे तिथल्या दीडला. वडील दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवर थांबणार आणि जपानमधल्या चारला मी फोन करायचा, असं ठरलं होतं.

हे मी आमच्या जपानी साहेबांना सांगून बसलो, ती चूकच झाली. मी खोलीत एकटा काळजी करत बसेन म्हणून साहेब आणि त्यांची बायको मला सकाळीच नारा शहर दाखवायला घेऊन निघाले. माणसं चांगली, पण एखाद्या दिवशी चांगुलपणाचाही वैताग येतो. हरणं माना लववून बिस्किटं मागत होती, साहेब फोटो काढत होते, मी घड्याळ बघत होतो.

नेमके दीड वाजता आम्ही जेवायला बसलो. पानात गुंडाळलेला आंबट भात, त्यावर खारवलेला मासा आणि शेजारी बर्फाच्या पाण्यात शेवया. मी भिगवणचा, रटरटत्या रश्श्यातला मासा खाऊन वाढलेला. शेवया म्हणजे दूध आणि गूळ. तरी भूक असती तर सगळं चाटूनपुसून खाल्लं असतं. पण आईला आता आत नेलं असेल, एवढंच डोक्यात होतं. घास तोंडात नुसता फिरत राहिला. साहेबांच्या बायकोनं माझ्या पुढ्यातल्या निम्म्या शेवया स्वतःकडे ओढून घेतल्या.

मग मोठ्या बुद्धाचं मंदिर. मूर्ती एवढी मोठी, की मान मागं टाकून बघावं लागलं. मी हात जोडले. तेवढ्यात बाईंनी तिथल्या खिडकीतून एक रेशमी पिशवी घेतली, बोटभर, वर गोंडा. ती कपाळाला लावून त्या मूर्तीसमोर डोळे मिटून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग दोन्ही हातांनी मला देत म्हणाल्या, "मदर."

ताईतच तो. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव भीमेत सोडले, ती टोपली शाळकरी वयातल्या माझ्या वडिलांच्या डोक्यावर होती. पुढं ते मास्तर झाले. तापानं फणफणलेल्या पुतण्याच्या मनगटातला गंडा त्यांनी पाहुण्यांसमोर कात्रीनं कापला, तर चुलती दोन वर्षं आमच्या उंबऱ्याला आली नाही. अशा माणसाचा मुलगा मी, आणि ऐन ऑपरेशनच्या दिवशी माझ्या हातात ताईत! परत द्यावा तर बाईंचं तोंड बघवलं नसतं. मी तो खिशात घातला आणि स्वतःवरच चिडलो.

चारला फोनचा डबा गाठला. पहिल्या दोन खेपेला लाइन लागलीच नाही. तिसऱ्या खेपेला वडील.

"गाठ काढली. पण आजून शुद्धीवर न्हाय आली."

"डॉक्टर काय म्हणत्यात?"

"वाट बघा म्हणत्यात."

फोनच्या कार्डावरचे आकडे भराभर उतरत होते. वडिलांपाशी मला काही लपवता यायचं नाही. मी सांगून टाकलं, "आबा, हितल्या बाईंनी आईसाठी ताईत दिलाय. मी घेतला."

आता बोलणी खायची, म्हणून मी डोळे मिटले.

"खिशात हाय न्हवं?" वडिलांचा आवाज एकदम बारीक झाला. "जपून ठेव. हरवू नको."

लाइन कटली. तासाभरानं आईनं डोळे उघडून पाणी मागितलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्या काचेच्या डब्यात मी रडलो तो आईसाठी नाही. माझे वडील घाबरले होते, आणि त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं.