चितळाची दाढ

वनरक्षक रंजीता मेलेल्या चितळाचं वय सांगण्याच्या चाचणीत नापास झाली, कारण तिनं जबड्याचे पुढचे दात पाहिले. वडील गुणवंतराव बैलबाजारात आयुष्यभर तेच पाहत आले होते. पुन्हा चुकलं तर जबडे तपासायचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. म्हणून तिनं जंगलातले जबडे आणून अंगणात मांडले, आणि घरी पाहुणे येणं थांबलं.

"समोरचे दात पाह्य ना, पोरी," गुणवंतराव म्हणाले.

"बाबा, ते बैलाले. चितळाची दाढ किती झिजली ते पाहा लागते."

"मंग चितळच उलटं हाय."

दुसऱ्या चाचणीत तिचं बोट सवयीनं पुढच्या दातांवर गेलं. तिनं ते मागं ओढून दाढांवरून फिरवलं. उंचवटे झिजून सपाट झाले होते.

"म्हातारं," ती ठामपणे म्हणाली.

"बरोबर," म्हणत चाचणी घेणाऱ्या साहेबांनी जबड्यांचं अख्खं पोतं तिच्याकडे सरकवलं.