शेवटच्या बाकावरच्या बाई

राडोयकाबाईंनी चौतीस वर्षांत अकरा नव्या शिक्षिकांना हाताशी धरून तयार केलं. त्यांतल्या तिघी पुढे बदली होऊन गेल्या; आठ जणी तर वर्ष संपताच गाव सोडून गेल्या. का गेल्या, हे कोडं बाईंना कधी सुटलं नाही. कुणी थंडीचं नाव घेतलं, कुणी नवऱ्याचं. पण थंडी बाईंनाही वाजत होती, आणि नवरा त्यांनाही होता.

डोन्या लूका या गावची शाळा एकशे तीस वर्षांची. पहिली ते चौथी, एकच खोली, एकोणीस मुलं. येत्या जूनमध्ये बाई निवृत्त होणार होत्या. मागे शिक्षिका राहिली नाही तर मुलं बसने शहरात आणि शाळेला कुलूप, असं वरून स्पष्ट कळवलेलं होतं. सगळी मदार आता बाराव्या उमेदवार शिक्षिकेवर, नेवेनावर होती.

नव्यांना सांभाळण्याची बाईंची एक ठरलेली रीत होती. वर्षभर शेवटच्या बाकावर बसायचं, वहीत टिपणं करायची आणि तोंड मिटून ठेवायचं. त्या स्वतः नवीन असताना त्यांच्या मार्गदर्शक बाईंनी भर वर्गात, मुलांसमोर त्यांचा पाणउतारा केला होता. आपण कुणाला असं बोलायचं नाही, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. न बोलणं हाच त्यांच्या लेखी मोठा आधार होता. तास संपला की त्या नेवेनाला कॉफी करून द्यायच्या आणि बर्फ किती पडला यावर बोलायच्या.

नेवेना चांगली शिकवायची. चौथीच्या मुलांना पहिलीचं वाचन घ्यायला लावायची, बेरीज-वजाबाकीला आलुबुखाराच्या बिया वाटायची. बाई सगळं तारीखवार लिहून ठेवत. पण डिसेंबरात नेवेनाच्या टेबलावर त्यांना नीश शहरातल्या एका शाळेला लिहिलेला अर्ज दिसला. विचारावं का? पण विचारणं म्हणजे टोचणं. बाई कॉफी करायला गेल्या.

जानेवारीत संत सावाचा दिवस आला, शाळेचा सण. धर्मगुरू सणाच्या गोल पावावर वाइन शिंपडतात, सगळे मिळून तो हातांत फिरवतात, मग मोडतात. त्यातला अर्धा ज्याच्या हाती जाईल, तो पुढच्या वर्षीचा यजमान. उकडलेला गोड गहू, जेवण, सगळं त्याच्याकडे. यंदा तो अर्धा पाव घ्यायला लाकडाच्या वखारवाल्या ओब्रादचं नाव ठरलं होतं, पण त्याचा ट्रक बर्फात रुतला होता. धर्मगुरूंना अजून दोन शाळा उरकायच्या होत्या.

"घ्या कुणीतरी, निसटतोय!" ते म्हणाले.

नेवेना शेजारीच उभी होती. तिने झटकन दोन्ही हात पुढे केले आणि अर्धा पाव तिच्या ओंजळीत आला.

"झालं! यजमानीण मिळाली!" आसपासच्या शाळांचे हेडमास्तर वितोमिर ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ओब्राद पोचला तो बर्फ झटकतच. "माझा मान पळवलास होय गं पोरी? आता आठ किलो गहू तूच शिजव!"

नेवेना लाल झाली, हसली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. हाती आलेला पाव परत करणं अपशकुनी, म्हणून कुणी तिला विचारलंही नाही. पुढच्या सणाची यजमानीण म्हणजे ती इथेच राहणार, असं धरून गाव निश्चिंत झालं. गोंधळल्या त्या एकट्या बाई. पोरीने पाव घेतला, की नुसता सावरला? एक दिवस ती खिडक्यांना नवे पडदे लावायची, दुसऱ्या दिवशी पुस्तकं खोक्यात भरताना दिसायची. कशावरून काय धरायचं?

मे महिन्यात बाईंना अहवाल लिहायचा होता. तो चांगला असला तरच नेवेनाला शिक्षकाच्या परवान्याच्या परीक्षेला बसता येणार होतं. हेडमास्तरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"बाई, जरा हात राखून लिहा. आणखी एक वर्ष मार्गदर्शन हवं, म्हणा. परवाना नाही तर जाईल कुठे?"

"आणि मी नसताना मार्गदर्शन करणार कोण?"

"ते बघू हो मग. शाळा तर वाचेल!"

बाईंनी घरी जाऊन ते वाक्य खरंच लिहिलं. वाचलं. नवी असताना वर्गात उभं राहून ऐकलेले शब्द त्यांना आठवले. कागद फाडून त्यांनी वहीत होतं तेच उतरवलं, चार पानं, आणि दुसऱ्या दिवशी नेवेनापुढे सहीला ठेवलं.

नेवेनाने पहिलं पान वाचलं. मग पुन्हा पहिलंच वाचलं.

"बाई, हे माझ्याबद्दल आहे?"

"मग कुणाबद्दल असणार?"

"बियांचं गणित तुम्हाला आवडलं? कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून. तारीख आहे बघ."

नेवेनाने पान खाली ठेवलं. "मला वाटायचं, तुम्ही माझ्या चुका लिहिताय. घरी जाऊन रडायचे मी. तुम्ही नापास करणार म्हणून तर नीशला अर्ज केला! एकदा तरी बोलायचं होतंत, बाई!"

एकेक करत आठ चेहरे बाईंच्या डोळ्यांपुढून गेले.

"म्हणजे त्या आठ जणीही..."

"कोण आठ जणी?"

"काही नाही." बाईंनी चष्मा पुसला. "तो पाव... तू घेतलास, की पडत होता म्हणून धरलास?"

"पडत होता म्हणून धरला. मग सोडवेना." नेवेनाने अहवालावर सही केली. "नीशहून बोलावणं आलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. नाही म्हणून कळवते. पण तुम्ही मागे बसायला यायचं, आणि बोलायचं."

"अगं, मी निवृत्त होतेय!"

"बाक कुठे निवृत्त होतोय?"

सप्टेंबरात शाळा उघडली. बाई वही न घेता शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. पंधरा मिनिटांनी त्यांनी घसा साफ केला.

"नेवेना," त्या म्हणाल्या, "छान."

अख्खा वर्ग वळून मागे बघू लागला.