पाहुण्यांसाठी कापलेलं भात

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील शिक्षक, मोर्च्यातून उरलेली पत्रकं ते घरी आणत आणि त्यांवरच मी वाचायला शिकले. म्हणून 'मदत' हा शब्द मला लहानपणापासून खुपतो. रोजगार, पाणी, जमीन ही हक्काची. मदत देणाऱ्याच्या मर्जीची. हे मी आजही मानते. पण मोखाडा तालुक्यात सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर याच मतापायी मी काय केलं, ते लिहायला हवं.

त्या पाड्यावर एका संस्थेचं पाळणाघर होतं. दोन वेळचं जेवण आणि एक अंडं. दिवाळीनंतर आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर जात, तेव्हा पोरं आजीजवळ राहू शकत ती या जेवणामुळेच. पैसा परदेशातून येई. पाळणाघर चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला दोन पाहुणे, मुंबईचे एक साहेब आणि एक परदेशी बाई, येणार होते, आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगायला, पाड्यावर माझं येणंजाणं होतं म्हणून, मला बोलावलं होतं.

आदल्या दिवशी मी बायकांना बजावलं, "रडगाणं गाऊ नका. हात पसरू नका. ताठ बसा."

ज्या घरी पाहुणे जेवणार होते, तिथल्या बाईला मी वहिनी म्हणे. तिची तीन वर्षांची मुलगी पाळणाघरातली सगळ्यात किडकिडीत. वहिनी हसली. "आमी कवा रडलों, बाय? पाहुणा आला तर आमी त्याला खायला घालतों. तुझ्या शिकवण्याची वाट नाय बघत."

भाद्रपद संपत आला होता. जुना दाणा संपलेला, नवं पीक शेतात उभं. वहिनीनं लवकर पिकणारं, पण अजून अर्धं हिरवं असलेलं हळवं भात कापलं, भाजलं, कांडलं. शेजारणीनं कोंबडी दिली. दूध मोखाड्याहून आणलं. पाहुणे पाटावर, आम्ही भिंतीशी. घरातल्यांनी नंतर जेवायचं, अशी रीतच आहे.

मुंबईचे साहेब म्हणाले, फुकट मिळालं की माणसं कामाला हात लावत नाहीत. परदेशी बाई म्हणाल्या, उपाशी मूल काम करायला मोठं तरी कसं होणार? दोघं इंग्रजीत वाद घालत होते आणि भात वाढून घेत होते. मला दोघांचाही राग येत होता.

मग बाईंनी विचारलं, "तुम्ही रोज असंच जेवता का?"

मी वहिनीला मराठीत विचारलं. ती म्हणाली, "होय तर. आमच्याकडे खायला कमी नाय."

जेवणाऱ्या पाहुण्यासमोर कोण दुसरं काही सांगेल? कालपर्यंत या घरात पातळ आंबील आणि रानातली भाजी शिजत होती, हे मला ठाऊक होतं. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी वहिनीचं उत्तर जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, आणि सांगताना मला अभिमान वाटला.

महिन्याभरात निरोप आला. या पाड्याची परिस्थिती बरी आहे, पाळणाघर जव्हारकडच्या एका पाड्यावर हलवत आहोत. मी संस्थेला लांबलचक पत्र लिहिलं. अहवाल पुढे गेला आहे, एवढंच उत्तर आलं. त्या दुसऱ्या पाड्यावरची पोरंही अशीच, छातीच्या फासळ्या मोजता येतील अशी. मग भांडायचं कुणाशी? जास्त उपाशी कोण, याची शर्यत लावली होती, आणि आम्ही पाहुण्यांना जेवू घालून ती हरलो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी भट्टीचा टेम्पो आला. वहिनीच्या कडेवर मुलगी होती.

"हिला कशाला नेतेस? आजीकडे ठेव."

"म्हातारी काय घालंल तिला? ती सोताच पाणी पिऊन निजते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी ती गोरी बाई मातर पोटभर जेवली."

मी तिचं गाठोडं उचलून टेम्पोत ठेवलं.

"भट्टीवर पोरांना कायतरी देत असतील ना, बाय? तुला ठावं असंल."

काही देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वहिनी टेम्पोत चढली आणि मुलीला दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून बसली.