आबांच्या कुऱ्हाडीची नवी मूठ

कसबा बावड्याच्या माझ्या माहेरी गिझर आहे, गॅसही आहे. तरी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अंघोळीला बंबाचंच पाणी लागतं, आणि त्या बंबाची लाकडं फोडायची ती त्यांनीच. हा हक्क त्यांनी कुणाला दिलेला नाही. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र घाव चुकायला लागले. एकदा तर कुऱ्हाड हातातून निसटली आणि घरामागच्या परड्यातल्या नळाची तोटी तोडून गेली. धाकट्या भावाने विषयच संपवला. "आक्का, आता बास. ही मी भंगारात घालतो."

मला राग आला. माणसाच्या हातातलं एकेक काम काढून घ्यायचं आणि वर त्याला आराम म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. मी कुऱ्हाड पिशवीत घातली आणि माझ्या घरी घेऊन आले.

दोष दांड्याचा आहे, हे मी ठरवूनच टाकलं होतं. वापरून वापरून तो गुळगुळीत झालेला, वर पातं डुगडुगत होतं. आबांच्या बोटांत आता पहिल्यासारखा जोर नाही, त्यांनी धरायचं तरी काय? सुताराने बाभळीचा नवा दांडा बसवून पाचर ठोकली. गंज मी स्वतः तेल आणि विटेच्या भुकटीने घासून काढला. आठवडाभर नखं काळी होती. मग दांड्याला कातडं चढवायला कोल्हापुरी चपलांच्या बाजारात, चप्पल लाईनीत गेले. पहिल्या दुकानात मला वेड्यात काढलं. दुसऱ्यातला कारागीर म्हणाला, "ताई, हिला पाय कुठं हाईत?" पण काम त्याने घेतलं. कातडं भिजवून, दांड्याभोवती ताणून, चामड्याच्या वादीने शिवून दिलं. "सावलीत वाळू दे. वाळंल तसं आवळंल." आणि खरंच, वाळल्यावर ती मूठ हातात अशी बसायची की खाली ठेवावीशी वाटत नव्हती.

खंडेनवमीला मी ती घेऊन गेले. त्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. विळा, खुरपं, कोयता मांडलेले होतेच. आबांनी कुऱ्हाड घेतली, मुठीवरून अंगठा फिरवला. "चपलंचं कातडं हातात दिलंस व्हय गं?" म्हणाले, पण स्वारी खूश होती. एकदा तोलून पाहिली आणि पाटावर ठेवली. मी भावाकडे पाहिलं ते अगदी नाक वर करून.

मग आबा पूजेला बसले. कुंकवात बोट बुडवलं. विळ्याच्या पात्याला लावायचं कुंकू त्याच्या मुठीवर गेलं. कुऱ्हाडीच्या पात्याकडे त्यांनी बोट नेलं आणि ते पात्याच्या शेजारी, मोकळ्या पाटावर टेकवलं. हात जरासुद्धा थरथरत नव्हता. अगदी शांतपणे त्यांनी रिकाम्या लाकडाला कुंकू लावलं आणि नमस्कार केला.

इतके महिने आम्ही बहीणभाऊ त्यांच्या हातावरून भांडत होतो, आणि त्यांनी आम्हाला भांडू दिलं होतं.

"आबा, तुम्हाला दिसत न्हाय?"

"दिसतंय की. कडंकडंचं समदं दिसतंय." त्यांनी बोट धोतराला पुसलं. "मधलं तेवढं जातंय. ज्येच्याकडं बघावं, नेमकं त्येच."

भाऊ तडकला. "मग सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं असतं, तर कुऱ्हाड ठिवली असतीस माझ्याकडं?"

मला स्वतःचीच भीती वाटली. घाव कुठे पडतोय ते ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी मी एवढ्या हौसेने घट्ट मूठ करून आणली होती. दसऱ्यापर्यंत कुऱ्हाड पाटावरून हलणार नव्हती, तेवढीच काय ती सवड. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं मी तिथेच ठरवलं. भाऊ तरातरा बाहेर निघून गेला.

मी आबांच्या समोर जाऊन बसले. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं, "आणि मी? मी दिसते न्हवं?"

त्यांनी मान थोडी तिरकी केली आणि माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत म्हणाले, "तू बोलाय लागलीस की कळतंय."