ऊन में काम मना है

चार मराठी माणसं परदेशात एका ऑफिसात बसली की किस्से आपोआप साठत जातात. आम्ही तर दोघंच होतो, तरी भरपूर पुरलो!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कतारमध्ये, दोह्याजवळच्या एका बलदियात, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेत, नोकरीला होतो. काम सोपं. कचरा कधी उचलणार, पाणी कधी बंद राहणार, उन्हाळ्यात जिवाला कसं जपायचं, हे लोकांना कळवायचं.

आदल्या उन्हाळ्यात बागकामावरचा एक माळी उन्हात कोसळला होता. वाचला नाही. आमचे कतारी साहेब अबू नासर, भला माणूस, त्यांनी त्याची फार धास्ती घेतली होती. "आता एकही माणूस पडता कामा नये," असं ते रोज बजावायचे. त्यांचा चेहरा बघून आम्हालाही वाईट वाटायचं.

* * *

कामगारांसाठी हिंदीत बोर्ड लावायचे ठरले. आता, अरबीत 'हिंदी' म्हणजे भारतीय माणूस! साहेबांनी आमच्या दाऊदभाईंना विचारलं, "इन्ता हिंदी?" म्हणजे, तू हिंदी का?

दाऊदभाई रत्नागिरीचे, उभी हयात अरबी कागदपत्रांत गेलेली. ते सरळपणे म्हणाले, "हो, हिंदी."

"खलास! बोर्ड तूच लिही!"

मी पडलो सातारचा. मला त्यांच्या मदतीला दिलं. मी घाबरून विचारलं, "दाऊदभाई, आपल्याला कुठं हिंदी येतंय?"

"अरे बाबा, त्यात काय हाय? मराठीच्या शेपटीला 'है' लावायचा!"

* * *

पहिला बोर्ड दिमाखात लागला. 'दोपहर को ऊन में काम मना है।'

दुसऱ्याच दिवशी एका साइटवरून लखनौकडच्या फोरमनचा फोन. बिचारा अगदी अदबीनं बोलत होता. "साहब, आपका हुक्म सर आँखों पर. लेकिन इस गर्मी में ऊन पहनेगा कौन?"

हिंदीत ऊन म्हणजे लोकर, हे आम्हाला तेव्हा कळलं!

* * *

मग ऊन शब्दच काढून टाकला. नवा बोर्ड आला, 'दोपहर को सावली में बैठो।'

या बोर्डापुढं ही गर्दी! माणसं वाचतायत आणि एकमेकांना कोपरानं ढोसतायत. साहेब खूश. "बघ, किती लक्ष देऊन वाचतात!"

मी खाली गेलो. एक बिहारी गवंडी लाजत पुढं आला. "साब, वो साँवली कब भेजेंगे?"

* * *

आमच्याकडं नुसते बोर्ड नव्हते, फोनही यायचे. सोलापूरचे एक गृहस्थ नुकतेच बायकामुलांना घेऊन आले होते. चिडून म्हणाले, "अहो, थंड नळाला उकळतं पाणी येतंय! पोरं आंघोळीला तयार नाहीत. गार पाणी कधी सोडणार?"

उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की थंड नळाला हात लावायची सोय नसते. मुरलेले लोक तेव्हा गीझर बंद ठेवतात. त्यातलं पाणी घरात असल्यानं त्यातल्या त्यात निवतं.

दाऊदभाई म्हणाले, "गार पाणी पायजे ना? मग गरम नळ सोडा!"

पलीकडचा आवाज आणखी चढला. "साहेबांना फोन द्या. तुम्ही चेष्टा करताय!"

* * *

पुढं दुपारच्या कामावर सरकारी बंदीच आली. आम्ही कडक बोर्ड लिहिला. 'दोपहर को काम करवाने वाले ठेकेदार को शिक्षा मिलेगी।'

संध्याकाळी एक तरणाबांड वेल्डर थेट ऑफिसात हजर. "साहब, ये तो अन्याय है! ठेकेदार तो पढ़ा-लिखा है. शिक्षा तो हमको चाहिए!"

हा किस्सा साहेबांपर्यंत गेला. ते हसले नाहीत. "माणसं वाचावीत म्हणून बोर्ड लावतोय ना आपण?" एवढंच म्हणाले. आम्हा दोघांनाही मान वर करवेना.

* * *

त्यानंतर मात्र दाऊदभाईंनी मनावर घेतलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटून आले. भर उन्हात घाम येणं अचानक थांबलं तर तो सर्वांत मोठा धोका, हे त्यांनी नीट समजून घेतलं. बोर्ड छोटा आणि सोपा केला. ऊन नाही, सावली नाही, शिक्षा नाही. 'घाम रुके तो काम बंद करो।'

"आता सांग, यात हसण्यासारखं काय हाय?" मला तरी काही सापडलं नाही.

आठवड्याभरात आम्ही पिकअपमधून एका राउंडअबाउटवरून चाललो होतो. बंदीची वेळ संपली होती, पण ऊन तसंच भाजत होतं. एक नेपाळी माळी एकटाच खणत होता. तोंड लालबुंद, आणि शर्ट कोरडा ठणठणीत. दाऊदभाई ओरडले, "गाडी थांबव!" आम्ही धावलो तोवर त्याचे गुडघे लटपटायला लागले होते. त्याला उचलून गाडीत घातलं, एसी फुल केला, पाण्याची अख्खी बाटली डोक्यावर ओतली आणि दवाखाना गाठला.

बऱ्याच वेळानं तो कॉटवर उठून बसला, आमच्याकडं बघून हसला. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. तेव्हा कुठं दाऊदभाईंच्या जिवात जीव आला, आणि लगेच त्यांचा पारा चढला. "अरे, बोर्ड नहीं पढ़ा? घाम रुके तो काम बंद करो, साफ लिखा है!"

"पढ़ा, साब. रोज पढ़ता है." त्यानं खिडकीबाहेर, वर तळपणाऱ्या सूर्याकडं बोट दाखवलं. "लेकिन घाम कहाँ रुका? वो देखो, अभी भी ऊपर है!"