जेवणानंतरची मुलाखत

रत्नागिरीच्या एमआयडीसीत आमचा मासळी गोठवायचा कारखाना आहे, आणि मुलाखतींच्या वेळा जुळवायचं काम माझ्या गळ्यात आहे. साहेब पुण्याहून येतात, उमेदवार गावोगावहून, आणि मधल्यामध्ये फोन करून घसा माझा बसतो. या खेपेला साहेबांनी नेमका शिमग्यातला दिवस धरला. मी म्हटलं, गावोगाव पालख्या फिरतायत, आठवडाभर थांबा. त्यावर उत्तर आलं, होळी तर होऊन गेली ना? आता यांना कुठून सुरुवात करून सांगणार.

जागा एकच होती, शीतगृहाच्या ऑपरेटरची. एक उमेदवार नाटे गावचा होता, बरीच वर्षं आखातात काढलेला. वेळ ठरवायला फोन केला तेव्हा त्याने आपणहून सांगितलं, की सुट्टी संपत आलीय, ही नोकरी लागली तर परत जायचं नाही. धाकटी मुलगी त्याला पाहुणाच समजते, तो घरात आला की आईच्या मागे लपते. ते ऐकून मी त्याला जेवणानंतरची वेळ देऊन टाकली. यात एक गोम आहे. सकाळी साहेब प्रवासाने आंबलेले असतात आणि समोरच्याला सोलून काढतात. दुपारी पोटात सुरमई आणि सोलकढी गेली की तेच साहेब गाईसारखे गरीब होतात.

आदल्या दिवशी सकाळच्या उमेदवाराचा फोन आला. हा संगमेश्वराकडचा, मुंबईत कामाला. उद्या घरी पालखी येणार होती. वडील नाहीत, घरात आई एकटी; देवाची ओटी भरून पालखी पुढच्या दारी जाईपर्यंत त्याला हलता येणार नव्हतं. मग येणार तरी किती वाजता, असं मी जरा तणतणतच विचारलं.

"पालखी घड्याळावर नाय चालत, मॅडम."

नाइलाजाने नाटेवाल्याला फोन लावला. त्याचे रमजानचे रोजे चालू होते, त्यात पहिली एसटी पकडून या म्हणायचं म्हणजे जुलूमच. मी पालखीचं कारण सांगितलं, आणि सकाळच्या वेळेत काय तोटा आहे तेही लपवलं नाही.

"त्याच्या घरी वर्षातून एकदा देव येतो," तो म्हणाला. "मी पहाटे सेहरीला उठतोच. येतो सकाळी."

आला, कडक इस्त्रीच्या शर्टात. साहेबांनी त्याला चांगला पिळला. बाहेर आला तेव्हा ओठ सुकले होते, आणि पाणी विचारायचीही सोय नव्हती. दुपारी दुसरा आला, कानात गुलाल, हातात प्रसादाच्या खोबऱ्याच्या दोन वाट्या. एक मला, एक ज्याने वेळ सोडली त्याला. आत साहेबांचं हसणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. जागा त्यालाच मिळाली. मुलगा हुशार होता, कुणी लबाडी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाटेवाल्याला कळवायचं काम माझंच. पालखीवाल्याला मिळाली का, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हटलं. फार वाईट वाटतंय म्हटलं, आणि तुमच्या वाटणीचा प्रसाद ठेवलाय, हेही सांगितलं.

"ठेवू नका, मॅडम. खोबरं खवट होतं. मी सोमवारी चाललो."

ती वाटी मी घरी नेली, खवून वालाच्या उसळीत घातली. नवऱ्याने पुन्हा मागून घेतली. मी नुसता ताकभात खाल्ला.