पावण्याची धार

दोन हजार एकवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या माडीवरच्या भाडेकरूएवढा हट्टी माणूस अख्ख्या कोल्हापुरात नव्हता. मला सोडून.

माणूस जयसिंगपूरचा, जैन. सहा वर्षं राहिला तरी मी त्याला ‘पावणं’च म्हणायचो. शिरोलीतली नोकरी सोडून त्यानं एकच ध्यास घेतला होता: कुणीही मोबाईलवरून थेट प्रक्षेपण करावं, ते ह्याच्या सर्व्हरनं हजारो लोकांना वाटावं, आणि मधे अडकू नये. तो त्याला स्ट्रीम म्हणायचा, मी धार. उन्हाळ्यात स्वतः घामानं भिजायचा आणि घरातला एकुलता एक पंखा सर्व्हरकडं फिरवायचा. कुणाला वारा हवा असेल तर त्यानं सर्व्हरशेजारी बसावं. “मोठ्या कंपन्या हायत की त्यासाठी,” मी एकदा म्हणालो. “दुसऱ्याच्या गोठ्यात आपली म्हस का बांधायची, मामा?” मी चौथी शिकलेला, चार म्हशींचा धनी. मला पटलं.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही म्हशी सजवून मिरवतो. त्या वर्षी माझी चंद्री त्यानं थेट दाखवली. बघणारे वाढले, चंद्रीनं मान वळवली आणि मोबाईलवर ती तशीच अडकून राहिली. कराडहून लेकीचा फोन, “आप्पा, चंद्री दगडाची झाली की!” सगळी गल्ली हसली. तो पायरीवर बसला. “फुडच्या पाडव्याला धार तुटली तर गप नोकरी धरतो, मामा.”

मी उभा जन्म कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकलेलं. म्हणालो, “पावणं, गर्दी वाढली म्हणून आम्ही एकाच म्हशीचं सड वढत बसतो व्हय? शेजारी दुसरी आणून हुबी करतो.”

तो पायरीवरून उठला. “मामा, ह्येच इंग्रजी पुस्तकात लिवलंय.”

“इंग्रजीत वाचलं म्हणूनच कळलं न्हाय.”

वर्षभर खपून त्यानं अशी मांडणी केली, की गर्दी झाली की दुसरी मशीन आपोआप धार धरेल, मग तिसरी. पुढच्या पाडव्याला चंद्री अख्ख्या गल्लीतनं मिरवली. लेकीला शिंगांचा रंगसुद्धा दिसला. धार तुटली नाही. घराच्या वायरी मात्र तापून वास सुटला. आणखी मशिनी माझ्या माडीला झेपणाऱ्या नव्हत्या. त्यानं शिरोलीत शेड घेतलं. म्हशी वाढवायचा सल्ला माझाच, बोलणार कुणाला?

“जातो, मामा.”

“जा की. माडी धुवायचीच हुती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धारेला बसलो. मोबाईल गव्हाणीत टेकवला आणि त्यानं शिकवलेलं बटण दाबलं. जरा वेळानं बघणाऱ्यांचा आकडा आला: एक. मी चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. “नीट हुबी ऱ्हा. पावणं बघाय लागल्यात.”